अनुभवी क्वार्टरबॅकला सोडलं तर सॅलरी कॅपवर नेमका किती बोजा पडतो? (ठाणे-ऐरोली-वाशी लीग)

घणसोली_गेम_प्लॅन

नमस्कार मंडळी. आमची बारा जणांची सॅलरी कॅप लीग आहे, ठाणे, ऐरोली आणि वाशी मिळून. म्हणजे अमेरिकन फुटबॉलचे काल्पनिक संघ चालवायचे आणि पगारांची एकूण मर्यादा (कॅप) पाळायची. करार, बोनस, कॅप सगळं एनएफएलच्या (अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या) खऱ्या नियमांनुसार चालतं. माझ्या संघात ३५ वर्षांचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू) आहे. त्याला सोडायचं की आणखी एक वर्ष ठेवायचं, हे मार्चमध्ये ठरवायचंय. करार असा (आकडे डॉलरमध्ये):

करार २०२४ ते २०२८. साइनिंग बोनस (करार करताना दिलेली रक्कम) ५ कोटी, कॅपच्या हिशोबात पाच वर्षांत वाटलेला.
मार्च २०२५ मध्ये रिस्ट्रक्चर केलं. मूळ पगारातले २.४० कोटी बोनसमध्ये बदलले आणि उरलेल्या चार वर्षांत वाटले.
२०२६ चा मूळ पगार ३.२० कोटी. त्यातले १.२० कोटी आधीच गॅरंटी, म्हणजे सोडलं तरी द्यावेच लागणार. उरलेले २ कोटी लीग वर्षाच्या (मार्चमध्ये सुरू होणाऱ्या एनएफएलच्या वर्षाच्या) पाचव्या दिवशी गॅरंटी होतात.
२०२७ चा पगार ३.५० कोटी, २०२८ चा ३.६० कोटी. दोन्हीला गॅरंटी नाही.
करारात ऑफसेट आहे, म्हणजे नवा संघ त्याला जेवढे देईल तेवढी माझी गॅरंटी कमी होते.

माझ्या शीटमध्ये सोडल्यावर ३.२० कोटी वाचतात असं दिसतंय. लीगचे कमिशनर म्हणतात, उलट १.२० कोटींचा खड्डा पडेल. कोण बरोबर? आणि 'जून १' (मार्चमध्ये सोडूनही कॅपच्या हिशोबात १ जूननंतर सोडल्यासारखं धरणं) वापरलं तर काय होईल?

कोपरी_कॅलक्युलेटर

कमिशनर बरोबर आहेत. तुमच्या शीटने पगार वजा केला, पण बोनसचे उरलेले हप्ते ओढून आणले नाहीत. ही चूक सगळ्यात जास्त होते.

आधी यंदाचा कॅप आकडा काढू. पहिल्या बोनसचा हप्ता वर्षाला १ कोटी, रिस्ट्रक्चरचा हप्ता ६० लाख, म्हणजे दरवर्षी १.६० कोटी. त्यात पगार ३.२० कोटी. २०२६ चा कॅप आकडा झाला ४.८० कोटी.

आता पाचव्या दिवसाआधी साधं सोडलं, तर २०२६, २०२७ आणि २०२८ चे तिन्ही हप्ते एकदम यंदाच्या कॅपवर येतात: १.६० गुणिले ३, म्हणजे ४.८० कोटी. त्यावर गॅरंटीचे १.२० कोटी. डेड मनी, म्हणजे संघात नसलेल्या खेळाडूपोटी कॅपवर पडणारी रक्कम, एकूण ६ कोटी. खेळाडू ठेवला तर ४.८० कोटी, सोडला तर ६ कोटी, म्हणून यंदा १.२० कोटींचा तोटा. २०२७ मात्र पूर्ण मोकळं.

हे हप्ते का येतात ते नीट समजून घ्या. बोनसचे पैसे खेळाडूच्या हातात कधीच गेलेले असतात. कॅपच्या हिशोबात ते जास्तीत जास्त पाच वर्षांत पसरायची मुभा असते, एवढंच. खेळाडू गेला की पसरायला वर्षं उरत नाहीत. गॅरंटी नसलेला पगार मात्र त्याच्याबरोबर हिशोबातून जातो. म्हणून २०२७ चे ३.५० आणि २०२८ चे ३.६० कोटी डेड मनीत धरू नका. काही जण धरतात आणि आकडा बघून घाबरून खेळाडू ठेवतात.

आणखी एक बारीक गोष्ट. ऑफ-सीझनमध्ये कॅपवर फक्त सगळ्यात महाग ५१ खेळाडू मोजले जातात. तुमचा माणूस यादीतून गेला की ५२ वा आत येतो. तो किमान पगाराचा असला तरी साधारण ९ लाख डॉलर लागतात. म्हणजे खरा खड्डा १.२९ कोटींच्या आसपास.

माजिवडा_मिडफिल्ड

'जून १' बद्दल मी लिहितो, कारण त्यात बरेच जण फसतात.

वर्षाला दोन खेळाडूंना हा शिक्का मारून मार्चमध्येच सोडता येतं. खेळाडू लगेच मोकळा होतो, दुसऱ्या संघाशी करार करू शकतो. तुमच्या हिशोबात मात्र तो १ जूनपर्यंत पूर्ण ४.८० कोटींवर बसून राहतो. त्यानंतर फक्त यंदाचा हप्ता आणि गॅरंटी उरते: १.६० अधिक १.२०, म्हणजे २.८० कोटी. बचत २ कोटी. उरलेले दोन हप्ते, ३.२० कोटी, २०२७ मध्ये पडतात.

एकूण बेरीज दोन्हीकडे ६ कोटीच आहे. 'जून १' ने एक पैसाही वाचत नाही, फक्त तो कोणत्या वर्षात पडतो ते बदलतं. आणि जे २ कोटी मिळतात ते जूनमध्ये मिळतात, तोवर फ्री एजन्सीतला (करारमुक्त खेळाडूंच्या बाजारातला) चांगला माल संपलेला असतो. मार्चच्या पहिल्या आठवड्यात लेफ्ट टॅकल (क्वार्टरबॅकचा बचाव करणारा खेळाडू) घ्यायचा म्हणून कोणी हा शिक्का मारत असेल, तर ते पैसे त्याला मार्चमध्ये मिळणारच नाहीत. जूनचे पैसे कामाला येतात ते ड्राफ्टमधल्या (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतल्या) मुलांच्या करारांना, सीझनमध्ये कोणी जखमी झालं तर बदली घ्यायला, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुढच्या वर्षी नेण्यासाठी. न वापरलेली कॅप पुढे नेता येते. ते २ कोटी हात न लावता पुढे नेले, तर २०२७ च्या ३.२० कोटींपैकी फक्त १.२० कोटींचा भार जाणवतो.

एक अडचण ध्यानात ठेवा. हा शिक्का फक्त सोडण्यासाठी आहे. ट्रेड करताना (खेळाडू दुसऱ्या संघाला देताना) हप्ते पुढच्या वर्षात ढकलायचे असतील, तर ट्रेडच १ जूननंतर करावा लागतो.

आणि जूनपर्यंत पूर्ण आकडा अंगावर बसतो त्यावर न्यू ऑर्लिन्स संघाने २०२१ मध्ये काढलेला मार्ग बघण्यासारखा आहे. त्यांचा क्वार्टरबॅक ड्रू ब्रीझ निवृत्त होणार होता. त्याने आपला २.५० कोटींचा पगार किमान पातळीवर, १०.७५ लाखांवर आणला. संघाला मार्चमध्येच जागा मिळाली आणि निवृत्तीची नोंद १ जूननंतर केली, म्हणून हप्ते दोन वर्षांत विभागले गेले. खेळाडू राजी असेल तरच हे जमतं. तुमच्या लीगच्या नियमांत खेळाडूची संमती कशी धरायची ते आधी ठरलेलं हवं, नाहीतर भांडणं होतील.

विटाव्याची_वीणा

वरचे दोन्ही हिशोब बरोबर आहेत, पण प्रश्न चुकीच्या जागी अडकलाय असं मला वाटतं. डेड मनी किती, यावर निर्णय घेऊच नये. हप्त्यांचे ४.८० कोटी आणि गॅरंटीचे १.२० कोटी तुम्ही देऊन बसला आहात. तो राहिला काय नि गेला काय, ते कधी ना कधी कॅपवर येणारच.

तीन वाटा शेजारी शेजारी मांडा:

आत्ता साधं सोडलं: २०२६ मध्ये ६.००, २०२७ मध्ये शून्य.
आत्ता 'जून १' ने सोडलं: २०२६ मध्ये २.८०, २०२७ मध्ये ३.२०.
यंदा ठेवून पुढच्या मार्चमध्ये सोडलं: २०२६ मध्ये ४.८०, २०२७ मध्ये ३.२०.

दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीतला फरक बघा. बरोबर २ कोटी, तोही फक्त २०२६ मध्ये. २०२७ चा ३.२० कोटींचा आकडा दोन्हीकडे सारखाच. तेव्हा तुमच्यापुढे ६ कोटींचा प्रश्नच नाही. हा माणूस यंदाच्या एका वर्षासाठी २ कोटींच्या लायकीचा आहे का, एवढंच ठरवायचंय. त्याच्या जागी जो येईल त्याला ६० लाख द्यावे लागणार असतील, तर प्रश्न १.४० कोटींचा झाला.

हे कागदावरचं गणित नाही. डेन्व्हर ब्रॉंकोजने मार्च २०२४ मध्ये क्वार्टरबॅक रसेल विल्सनला सोडलं तेव्हा नेमकं हेच केलं. एकूण डेड मनी ८.५० कोटी, त्या वेळचा विक्रम. हा आकडा सुटा करून पाहिला की सगळं कळतं. ५ कोटींच्या साइनिंग बोनसचा हप्ता वर्षाला १ कोटी, त्याची तीन वर्षं उरलेली: ३ कोटी. २०२३ मधल्या २ कोटींच्या ऑप्शन बोनसचा (करारातला पर्याय वापरल्यावर द्यायच्या बोनसचा) हप्ता ४० लाख, चार वर्षं उरलेली: १.६० कोटी. आणि २०२४ ची गॅरंटी ३.९० कोटी. 'जून १' मुळे २०२४ मध्ये ५.३० कोटी पडले आणि २०२५ मध्ये ३.२० कोटी. २०२४ ची कॅप २५.५४ कोटी होती, म्हणजे पाचव्या हिश्श्याहून जास्त रक्कम संघात नसलेल्या माणसावर.

तो ठेवला असता तर २०२४ चा त्याचा कॅप आकडा ३.५४ कोटी होता. म्हणजे सोडल्यामुळे त्या वर्षी १.७६ कोटी जास्त लागले. तरी सोडला. का? कारण १७ मार्च २०२४ ला, लीग वर्षाच्या पाचव्या दिवशी, त्याचा २०२५ चा ३.७० कोटींचा पगार गॅरंटी होणार होता. जुन्या खर्चाकडे न बघता त्यांनी नवे ३.७० कोटी वाचवले. त्याच वर्षी ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत १२ व्या क्रमांकावर तरुण क्वार्टरबॅक बो निक्स घेतला, ज्याचा पहिल्या वर्षीचा कॅप आकडा जेमतेम ३४ लाख होता. एवढा डेड मनी डोक्यावर घेऊन संघ १० विजय आणि ७ पराभव घेऊन प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) गेला. बदली खेळाडू स्वस्त असेल तर डेड मनी सोसता येतो, हे त्या सीझनने दाखवलं. तुमच्याकडे तसा तरुण क्वार्टरबॅक आहे का, हा माझा पहिला प्रश्न असेल.

ऑफसेटवर फार भिस्त ठेवू नका. विल्सनच्या ३.९० कोटींच्या गॅरंटीतही ऑफसेट होता. पिट्सबर्गने त्याला किमान पगारावर, १२.१० लाखांना घेतलं. उरलेले ३.७७९ कोटी डेन्व्हरच्या गळ्यात. नवा संघ जास्त पैसे देईलच कशाला? दिलेला प्रत्येक डॉलर जुन्या संघाचा भार कमी करतो आणि खेळाडूच्या हातात तेवढीच रक्कम पडते. तुमच्या शीटमध्ये ऑफसेटची जमा किमान पगाराएवढीच धरा.

घणसोली_गेम_प्लॅन

वीणाताई, तीन ओळींची मांडणी डोळे उघडणारी आहे. तरुण क्वार्टरबॅक आहे, दुसऱ्या फेरीतला, दुसरं वर्ष. दोन शंका. एक, पुन्हा रिस्ट्रक्चर करून यंदाचा आकडा खाली आणला तर? दोन, लीगमधला एक जण ट्रेडसाठी विचारतोय, पण ३.२० कोटींचा पगार त्याला जड वाटतोय.

कोपरी_कॅलक्युलेटर

रिस्ट्रक्चर करू नका. आकडे बघा. ३.२० पैकी ३ कोटी बोनसमध्ये बदलले आणि उरलेल्या तीन वर्षांत वाटले, तर यंदाचा आकडा ०.२० अधिक १.६० अधिक १.००, म्हणजे २.८० कोटी. 'जून १' इतकाच, आणि क्वार्टरबॅकही संघात. दिसायला झकास. पण त्यासाठी ३ कोटी रोख आजच मोजावे लागले, म्हणजे गॅरंटी नसलेले २ कोटीसुद्धा तुम्ही स्वतःहून पक्के केले. पुढच्या मार्चमध्ये सोडायची वेळ आली की डेड मनी ३.२० ऐवजी ५.२० कोटी. त्यात दोन व्हॉइड वर्षं जोडून पाच भाग केले, तर यंदा २.४० वर येतं आणि पुढच्या वर्षीचा डेड मनी ५.६० होतो.

व्हॉइड वर्षं म्हणजे करार आपोआप संपतो ती नावापुरती वर्षं. खेळाडू तिथे कधी खेळत नाही, पण हप्ते तिथवर पसरतात आणि करार संपला की सगळे एका वर्षात कोसळतात. टॅम्पा बे संघाला २०२३ मध्ये क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीच्या नावावर ३.५१ कोटी असेच सोसावे लागले. त्यांनी त्याआधी सुपर बोल (एनएफएलचा अंतिम सामना) जिंकला होता, त्यामुळे त्यांना ते परवडलं म्हणता येईल. ३५ वर्षांच्या खेळाडूला सोडायचा विचार चालू असताना पुन्हा रिस्ट्रक्चर करणं म्हणजे पुढच्या वर्षीच्या स्वतःचे हात बांधणं.

त्यापेक्षा पगारकपात मागा. पाचव्या दिवसाआधी तुमची बाजू मजबूत असते, कारण खेळाडूला माहीत असतं की बाहेर त्याला २ कोटी कोणी देणार नाही. २ कोटींचे १ कोटी करा, हवं तर उरलेले १ कोटी सामने खेळण्यावर आणि प्लेऑफवर इन्सेंटिव्ह म्हणून ठेवा.

माजिवडा_मिडफिल्ड

ट्रेडची संधी असेल तर ती अजिबात घालवू नका. साध्या सोडण्यापेक्षा ट्रेड प्रत्येक बाबतीत सरस आहे.

पगार जसाच्या तसा गेला तर तुमच्याकडे फक्त हप्ते राहतात: ४.८० कोटी. ठेवला असता तरी ४.८० च होते. म्हणजे यंदा तोटा शून्य, २०२७ मोकळं, शिवाय ड्राफ्टची पिक (नवा खेळाडू निवडायचा हक्क) हातात. समोरच्याला पगार जड वाटत असेल तर गॅरंटीचे १.२० कोटी ट्रेडआधी बोनसमध्ये बदलून तुम्हीच भरा. ट्रेड होताच तेही तुमच्या कॅपवर येतील, एकूण ६ कोटी. म्हणजे साधं सोडल्यावर जेवढे लागणार होते तेवढेच, पण पिक मिळाली आणि समोरच्याला खेळाडू २ कोटींत पडला. एवढ्यावरही तो नाही म्हणाला, तर दीड कोटीच्या आत त्याला किती परवडतं ते विचारा, पण तुम्ही भरायच्या १.२० कोटींपुढचा प्रत्येक डॉलर तुमच्या खिशातून जास्तीचा जातो हे लक्षात ठेवा.

मोठे डेड मनी आकडे ट्रेडमधूनही येतात. क्वार्टरबॅक मॅट रायनला मार्च २०२२ मध्ये अटलांटाने इंडियानापोलिसला दिलं तेव्हा ४.०५ कोटी अटलांटाच्या कॅपवर राहिले, आणि तेव्हाची कॅप २०.८२ कोटी होती. त्यांना ते एकाच वर्षात संपवायचे होते, आणि संपवले.

करारात नो-ट्रेड कलम (खेळाडूच्या संमतीशिवाय ट्रेड नाही) आहे का ते मात्र पहिल्यांदा बघा. रेडर्स संघाचा क्वार्टरबॅक डेरेक कार याच्याकडे ते होतं. रेडर्सना त्याला ट्रेड करायचं होतं, त्याने नकार दिला आणि १५ फेब्रुवारी २०२३ ला ४.०४ कोटी गॅरंटी होणार असल्यामुळे १४ फेब्रुवारीला सोडणं भाग पडलं. डेड मनी फक्त ५६ लाख. करार लिहितानाच हप्ते छोटे आणि गॅरंटीची तारीख लवकरची ठेवली होती, म्हणून एवढ्या स्वस्तात सुटले. पुढचा करार लिहाल तेव्हा हा नमुना समोर ठेवा.

विटाव्याची_वीणा

एक धोका कोणी लिहिला नाही: दुखापत. बऱ्याच करारांत गॅरंटी दोन प्रकारची असते. पूर्ण गॅरंटी आणि फक्त दुखापतीपुरती. दुसऱ्या प्रकारात खेळाडू जखमी असून वैद्यकीय तपासणीत नापास झाला, तर ती रक्कम द्यावीच लागते. विल्सनला २०२३ च्या आणि कारला २०२२ च्या सीझनमध्ये शेवटचे दोन सामने बाकावर बसवलं होतं. दोघांच्याही करारात अशी रक्कम डोक्यावर होती. तुमचे ते २ कोटी पाचव्या दिवसाआधीच दुखापतीपुरते गॅरंटी आहेत का, ते करारात शोधा. असतील आणि क्वार्टरबॅकचा खांदा डिसेंबरपासून दुखतोय, तर वरच्या सगळ्या हिशोबात १.२० च्या जागी ३.२० कोटी घाला. मग साधं सोडण्याचा डेड मनी ८ कोटी होतो.

हाच ८ चा आकडा तारीख चुकली तरी येतो. पाचवा दिवस उलटल्यावर 'जून १' ने सोडलं, तर यंदा १.६० अधिक ३.२०, म्हणजे ४.८० कोटी. ठेवला असता तेवढेच. बचत शून्य आणि क्वार्टरबॅकही नाही.

आणि तो सीझनपर्यंत राहिला तर आणखी एक अट लागू होते. चार वर्षं पूर्ण केलेला खेळाडू पहिल्या आठवड्याच्या यादीत असला आणि नंतर सोडला, तर त्या सीझनचा उरलेला मूळ पगार तो मागू शकतो. कारकिर्दीत एकदाच, पण मागू शकतो. ऑगस्टनंतर सोडून पैसे वाचतील असं धरू नका.

घणसोली_गेम_प्लॅन

दुखापतीचं कलम नाही, नो-ट्रेडही नाही. मग आधी ट्रेड, नाहीतर पगारकपात, नाहीतर 'जून १'. शीट कशी दुरुस्त करू आणि तारीख कशी मोजू, तेवढं सांगा.

कोपरी_कॅलक्युलेटर

प्रत्येक बोनसला स्वतंत्र ओळ द्या. साइनिंग, ऑप्शन, प्रत्येक रिस्ट्रक्चर वेगळं. सगळे एका ओळीत कोंबले की कोणता हप्ता कधी संपतो तेच कळत नाही, आणि तुमच्या शीटची गडबड तिथेच आहे. स्तंभ वर्षांचे, व्हॉइड वर्षांसकट. पगाराच्या दोन ओळी: गॅरंटी असलेला आणि नसलेला. मग खाली तीन सूत्रं. साधं सोडल्यास: या वर्षापासून शेवटच्या स्तंभापर्यंतचे सगळे हप्ते अधिक गॅरंटी. 'जून १' ने सोडल्यास: फक्त या वर्षाचे हप्ते अधिक या वर्षाची गॅरंटी, आणि उरलेले हप्ते पुढच्या वर्षात. ट्रेड केल्यास: सगळे हप्ते, पगार शून्य. रोस्टर बोनस (ठरलेल्या तारखेला संघात असल्याबद्दलचा) ज्या वर्षी दिला त्याच वर्षी पूर्ण मोजायचा, त्याची वाटणी नाही. सगळ्यात वर एक वेगळी ओळ ठेवा: आजपासून नव्याने द्यावी लागणारी रोख रक्कम. ट्रान्सहार्बरच्या गाडीत उभ्या उभ्या मोबाईलवर बघायची वेळ आली, तर तीच एक ओळ बघा.

तारखेचं असं. लीग वर्ष मार्चमधल्या बुधवारी न्यूयॉर्कच्या वेळेनुसार दुपारी ४ ला सुरू होतं. तोवर तिकडची घड्याळं उन्हाळी वेळेवर गेलेली असतात, म्हणून आपल्याकडे ते गुरुवारी रात्रीचे दीड. सुरुवातीचा बुधवार हाच पहिला दिवस धरतात, म्हणजे पाचवा दिवस रविवार. २०२४ मध्ये १३ मार्चपासून मोजून १७ मार्च आला तो असाच. २०२६ चं वर्ष ११ मार्चला, म्हणून पाचवा दिवस १५ मार्च. तुमच्या लीगमध्ये मुदत भारतीय वेळेची की न्यूयॉर्कची, हे कमिशनरांकडून लेखी घ्या. ट्रेडचं बोलणं शुक्रवारी रात्रीपर्यंत संपवा, शनिवारी पगारकपातीचा प्रस्ताव टाका, आणि दोन्ही फसलं तर 'जून १' च्या शिक्क्यासकट सोडल्याचा मेल रविवारी दुपारपर्यंत पाठवा. मेलमध्ये 'जून १' हे शब्द स्पष्ट लिहा. नुसतं 'सोडतोय' लिहिलंत तर सहाच्या सहा कोटी यंदाच पडतील.